बाळंतिणीच्या खोलीतला धूर

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या सोबतीने ज्वारीचं एक वाण तयार केलं आणि २०१८ साली ते शेतकऱ्यांच्या हाती दिलं. नाव 'परभणी शक्ती'. नेहमीच्या ज्वारीपेक्षा याच्या दाण्यात लोह आणि जस्त जास्त. रोजच्या भाकरीतूनच बाईच्या रक्तात लोह उतरावं, हा त्यामागचा विचार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा राज्यात ज्वारीवर झालेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

पण ही भाकरी भाजायची कशावर? परभणी जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत अजूनही चुलीवर. चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, बाभळीचं सरपण. जळण अर्धवट जळालं की धुरासोबत कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नेमक्या लोहावर जाऊन बसतो. प्राणवायूने बसायची जागा तो अडवतो, आणि प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतो. म्हणजे भाकरी लोह देते, आणि तीच भाकरी भाजताना त्या लोहाचं काम बंद पडतं. चुलीपुढे बसलेली बाई सात महिन्यांची गरोदर असेल, तर तिच्या पोटातल्या बाळापर्यंतही हा वायू जातो. गर्भाच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षा थोडा जास्तच साठतो आणि बाहेर पडायला जास्त वेळ घेतो. आईने अंगणात येऊन मोकळा श्वास घेतला की तिला बरं वाटतं, पण पोटातल्या बाळाची सुटका तिच्याइतकी लवकर होत नाही.

हवेतल्या प्रदूषणाचा लहान मुलांच्या मेंदूवर काय परिणाम होतो, यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर खूप काम झालं. आपल्याकडे मात्र या विषयाचं चित्र ठरून गेलं आहे: दिल्लीचं धुकं, मुंबईतली बांधकामाची धूळ, मास्क लावून शाळेत जाणारी मुलं. त्या चित्रात पेडगाव नसतं. म्हणून हा लेख पेडगावातून लिहायचा.

हे परभणी तालुक्यातलं पेडगाव. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं गाव, महसुली मंडळाचं ठिकाण. वेड पांघरून जायचं ते म्हणीतलं पेडगाव दूर श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी आहे, बहादूरगडाचं. परभणीच्या पेडगावला तसा इतिहास नाही. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, रब्बीला ज्वारी-हरभरा. इथे कारखान्याची चिमणी नाही, वाहनांची कोंडी नाही. बाहेरून आलेला माणूस गावात उतरताच म्हणेल, हवा किती स्वच्छ आहे! दुपारी अंगणात उभं राहून तो म्हणत असेल तर खरंच आहे ते. त्याने पहाटे पाचला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहावं.

गॅस पोचलेला नाही असं नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तिने गावोगावच्या घरांत लाल टाकी नेली. पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली जवळपास ८० टक्के घरं स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरतात असं दिसलं. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास होतं. एवढ्या कमी काळात एवढा फरक, हे मोठं यश आहे आणि ते मानायलाच हवं. पण या पाहणीत घरातलं मुख्य इंधन कोणतं एवढंच विचारतात. मराठवाड्यातल्या घरात दोन्ही असतं. चहा, भाजी, पाहुण्यांसाठी पोहे गॅसवर. भाकरी चुलीवर, अंघोळीचं पाणी चुलीवर, जनावरांचा भरडा शिजवायचा तर तोही चुलीवर. पाहणीच्या कागदावर घर गॅसचं, धूर मात्र रोज सकाळ-संध्याकाळ.

यात बाईचं अडाणीपण शोधू नये. पऱ्हाट्या शेतातून फुकट येतात, टाकी पैसे मागते. सोयाबीनचा भाव पडला त्या वर्षी टाकी भरणं दिवाळीपर्यंत पुढे जातं. दहा-बारा माणसांच्या भाकऱ्या गॅसच्या बर्नरवर भाजायला वेळ लागतो, आणि निखाऱ्यावर फुगलेल्या भाकरीची चव घरातल्या पुरुषांना हवी असते. चूल ठेवायची की नाही हे ठरवणारे आणि तिच्यापुढे बसणारी बाई, या वेगळ्या व्यक्ती असतात.

घरंही बदलली. जुन्या माळवदाच्या घरात धूर जायला वरती भोक ठेवलेलं असे. त्याने सगळा धूर जात नसे, पण वाट तरी होती. घरकुलाच्या स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या खोलीत ती वाट पुष्कळदा राहिलीच नाही. पावसाळ्यात सरपण ओलं, चूल अंगणातून आत आलेली, दार पावसामुळे ओढून घेतलेलं. हिवाळ्यात परभणीचा पारा मराठवाड्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या येतात. त्या पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत बसून राहतो, दारोदारच्या चुलींचा आणि शेकोट्यांचा धूर वर चढत नाही, गावावरच रेंगाळतो. श्रावणात किंवा पौषात नुकते दिवस गेलेल्या किंवा दिवस भरत आलेल्या बाईच्या वाट्याला वर्षातला सगळ्यात वाईट धूर येतो.

आणि मग बाळंतपण. पहिलं माहेरी. सव्वा महिना बाळ-बाळंतीण एका खोलीत, वारा लागू नये म्हणून खिडकी बंद. बाजेखाली शेक देणारी शेगडी, तिच्यात गोवरीचे निखारे. अंघोळ झाली की बाळाला धुरी: ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं. धुरी देणाऱ्या आजीच्या हातात पिढ्यांची माया असते. शिवाय या रीतीमागे एक खरी गोष्टही आहे. नवजात बाळाला ऊब हवीच असते. कमी वजनाचं बाळ गार पडलं तर जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरही सांगतात. मराठवाड्याच्या हिवाळ्यात बंद खोली आणि शेगडी यांनी किती बाळं जगवली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. अडचण उबेत नाही. ऊब देण्यासाठी जे जाळलं जातं त्याचा धूर खोलीतच राहतो, ही अडचण आहे. नवजात बाळ मिनिटाला चाळीस ते साठ श्वास घेतं, मोठा माणूस बारा ते वीस. वजनाच्या मानाने पाहिलं तर त्या खोलीतली हवा सगळ्यांत जास्त घेणारा जीव तोच.

त्या सव्वा महिन्यात बाळाच्या डोक्यात काय चाललेलं असतं? जन्मतः मेंदूचं वजन साडेतीनशे ते चारशे ग्रॅम, मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण चौथा हिस्सा. दोन वर्षांत तो मोठ्या मेंदूच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचतो. गर्भात मज्जापेशी तयार होतात, आपापल्या जागी सरकत जातात. जन्मानंतर त्यांच्यातले जोड भराभर तयार होतात, न लागणारे छाटले जातात, तंतूंवर मायलिनचं आवरण चढतं. छाटणीचं आणि साफसफाईचं काम करणाऱ्या पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. त्याच पेशी मेंदूतल्या पहारेकरीही आहेत. शरीरात दाह सुरू झाला की त्या चवताळतात आणि त्यांचं छाटणीचं काम बिघडतं. धुरातल्या अतिसूक्ष्म कणांनी फुप्फुसात दाह पेटतो, त्याचे रासायनिक संदेश रक्तातून सगळीकडे फिरतात. गर्भवतीच्या अंगात हा दाह असेल तर वारेवरही त्याचा परिणाम होतो.

कण स्वतःही प्रवास करतात. अडीच मायक्रॉनहून लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. आपला केस यांच्या वीस-पंचवीस पट जाड असतो. यातले सगळ्यात बारीक कण फुप्फुस ओलांडून रक्तात उतरतात. नाकातल्या गंधाच्या मज्जातंतूवरून थेट मेंदूकडे जाण्याचीही त्यांना वाट आहे. बेल्जियममधल्या हासेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ साली वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले. पुढे २०२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या संशोधकांबरोबर त्यांनी दाखवलं की हे कण गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही पोचलेले असतात, अगदी पहिल्या तिमाहीतसुद्धा. वार बाळाला सगळ्यापासून राखते, हा आपला जुना विश्वास तिथे ढळला.

चुलीच्या धुराकडे जगाचं लक्ष वेधणाऱ्यांत कर्क स्मिथ यांचं नाव पहिल्यांदा घ्यावं लागतं. २०२० मध्ये ते वारले. या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मापकं लावली. चूल पेटलेली असताना त्या ज्या हवेत श्वास घेत होत्या, तिच्यात दर घनमीटरला सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास कण होते. हे लहानमोठे सगळे कण धरून. तरी अंदाज यावा म्हणून सांगतो: जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पीएम २.५ची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे, भारताची ४०. एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम असतात. शहरातल्या कुठल्या रस्त्यावर असा आकडा आला असता तर दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापला असता. खेड्यातला हा आकडा चाळीस वर्षं शोधनिबंधांत पडून आहे.

पुढे स्मिथ ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात गेले. तिथेही मका भाजणाऱ्या बायका, तीन दगडांची चूल, पाठीशी बांधलेलं मूल. तिथल्या अभ्यासात काही घरांना धुराडं असलेली चूल दिली होती आणि गरोदर बायकांच्या अंगावर कार्बन मोनॉक्साइडचं मापक लावलं होतं. त्यांची मुलं सहा-सात वर्षांची झाल्यावर त्यांची परीक्षा घेतली गेली. शेवटच्या तिमाहीत ज्यांच्या आईने जास्त धूर घेतला होता, ती मुलं आकृती पाहून जुळवण्यात, ऐकलेलं आठवण्यात, बोटांच्या बारीक कामात मागे पडली. मुलं फक्त ३९ होती. एवढ्या लहान अभ्यासावर इमारत उभी करता येत नाही. पण २०१२ साली हा निबंध आला तेव्हा चुलीचा धूर आणि मुलाची बुद्धी यांना जोडणारं त्याआधीचं काम जवळजवळ नव्हतंच.

पेडगावच्या परिस्थितीशी सर्वांत जवळचा अभ्यास झाला तो उत्तर प्रदेशात, रायबरेली जिल्ह्यातल्या शिवगडला. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचे जॉन स्पेन्सर आणि उत्तर प्रदेशातल्या कम्युनिटी एम्पॉवरमेंट लॅबच्या आरती कुमार व त्यांचे सहकारी यांनी २१५ कुटुंबांतल्या बाळांचा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरांत कण मोजणारी यंत्रं ठेवली. बोलता न येणाऱ्या बाळाची बुद्धी तपासायची कशी? बाळाला दोन पडदे दाखवतात, दोन्हींवर रंगीत चौकोन लुकलुकतात. एका पडद्यावर दर वेळी एका चौकोनाचा रंग बदलतो, दुसऱ्यावर काहीच बदलत नाही. आधीचा रंग बाळाच्या लक्षात असेल तर बदलणाऱ्या पडद्याकडे त्याची नजर जास्त वेळ टिकते. ज्या घरांची हवा जास्त खराब, तिथल्या सहा आणि नऊ महिन्यांच्या बाळांची ही आठवण कमी पडली. बघून समजून घेण्याचा वेगही सहा महिन्यांपासून एकवीस महिन्यांपर्यंत मंद दिसला. कुटुंबाची आर्थिक-सामाजिक स्थिती हिशेबात घेऊनही हा संबंध राहिला. आणि ज्या घरांत शेणाच्या गोवऱ्यांवर स्वयंपाक होत होता, तिथली हवा जास्त वाईट होती.

संशोधक या आठवणीला कार्यकारी स्मृती म्हणतात. शाळेत तिचं काम काय, ते जिल्हा परिषदेच्या कुठल्याही गुरुजींना सांगायला नको. बेरीज करताना हातचा एक डोक्यात धरून पुढचा आकडा मांडायचा असतो, ते हिचं काम. बाईंनी सांगितलेल्या तीन सूचनांपैकी तिसरी विसरायची नाही, तेही हिचंच. स्पेनमधल्या बार्सिलोनात जॉर्डी सुन्यर यांच्या गटाने ३९ शाळांतल्या २,७१५ मुलांची वर्षभर पुन्हा पुन्हा चाचणी घेतली. कमी प्रदूषणाच्या शाळांत बारा महिन्यांत कार्यकारी स्मृती ११.५ टक्क्यांनी वाढली, जास्त प्रदूषणाच्या शाळांत ७.४ टक्क्यांनी. निबंध २०१५चा. हा आजारपणाचा फरक नव्हता. एवढ्यासाठी कुणी मुलाला दवाखान्यात दाखवलं नसतं. जास्त प्रदूषणाच्या शाळांतल्या मुलांची वाढ थोडी मंदावली होती, एवढंच.

हे 'थोडं' फसवं असतं. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असे. एकेका मुलाकडे पाहून कुणी म्हणालं नसतं की शिशाने याची बुद्धी घटली. पण हजारो मुलांची सरासरी दोन-चार गुणांनी खाली सरकली तर तळाशी अडखळणाऱ्या मुलांची संख्या खूप वाढते आणि वरच्या टोकाची मुलं विरळ होतात. हे कळल्यावर जगाने शिसं काढलं, भारतानेही २०००च्या फेब्रुवारीत काढलं. त्यासाठी प्रत्येक मुलाचं वेगळं नुकसान सिद्ध होण्याची वाट कुणी पाहिली नाही. न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिका परेरा यांनी १९९८ पासून गरोदर स्त्रियांच्या पाठीला हवा मोजणाऱ्या पिशव्या लावून त्यांच्या मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. धुरातली बहुचक्रीय हायड्रोकार्बन्स ज्यांच्या वाट्याला जास्त आली, त्यांची पाच वर्षांची मुलं बुद्ध्यंकात चारेक गुणांनी मागे निघाली. ही हायड्रोकार्बन्स डिझेलच्या धुरात असतात तशी लाकडाच्या आणि गोवरीच्या धुरातही असतात.

याच परेरा यांचं चीनमधलं एक काम परभणीच्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावं. चोंगचिंगजवळ तोंगलियांग नावाच्या गावात कोळशावर चालणारं वीजकेंद्र होतं. ते २००४च्या मे महिन्यात बंद झालं. त्यांनी बंद होण्याआधी, २००२ मध्ये, जन्मलेली मुलं पाहिली आणि बंद झाल्यावर २००५ मध्ये जन्मलेलीही. पहिल्या गटात नाळेच्या रक्तातल्या प्रदूषणाच्या खुणा आणि दोन वर्षांच्या मुलांची मंद वाढ यांचा संबंध होता. दुसऱ्या गटात तो संबंध राहिला नाही. परभणीपासून फार दूर नसलेल्या परळी वैजनाथला औष्णिक वीजकेंद्र आहे, सत्तरच्या दशकाच्या आरंभापासूनचं. दुष्काळात पाणी नाही म्हणून २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये ते बंद ठेवावं लागलं. तेव्हा बातम्या मेगावॉटच्या आल्या, रोजगाराच्या आल्या. त्या महिन्यांत परळीच्या आसपास जन्मलेल्या बाळांकडे कुणी वेगळं पाहायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं. तशी संधी कुणी ठरवून मिळवू शकत नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती दडवली तर हा लेख प्रामाणिक राहणार नाही. यातले बहुतेक अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. धूर असलेल्या घरात गरिबीही असते, आईला रक्त कमी असतं, तिचं शिक्षण अर्ध्यात सुटलेलं असतं, मुलाशी बोलायला तिला सवड नसते. हे सगळे धागे संख्याशास्त्राने कितीही वेगळे केले तरी पूर्ण सुटत नाहीत. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत ३,२०० गरोदर स्त्रियांवर हॅपिन नावाची मोठी चाचणी झाली. भारतात ती तमिळनाडूत झाली, चेन्नईच्या श्रीरामचंद्र संस्थेतल्या कल्पना बालकृष्णन यांच्या पुढाकाराने. निम्म्या स्त्रियांना शेगडी आणि गॅस फुकट दिला. चुलीवर राहिलेल्या स्त्रियांच्या वाट्याचे सूक्ष्म कण ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, गॅस मिळालेल्यांच्या वाट्याचे २४च्या आसपास. तरीही २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा बाळांच्या जन्मवजनात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. अनेकांची निराशा झाली. गॅस देण्यात मुळात अर्थ नाही, असाही सूर निघाला.

मला तो सूर पटत नाही. जन्मवजन हे एकच माप आहे, मेंदू हे दुसरं. शिवाय गॅस सुरू झाला तो गर्भ राहून काही महिने लोटल्यावर, आणि शेजारच्या चुलींचा धूर भिंतीत अडत नाही. त्या चाचणीतून एक गोष्ट मात्र पक्की कळली. गॅस फुकट आणि वेळेवर घरी आला तर बायका चूल जवळजवळ सोडून देतात. चव, सवय, परंपरा ही कारणं आपण समजतो तितकी घट्ट नाहीत. आपल्याकडे जुन्नर तालुक्यात पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने आणि कर्क स्मिथ यांच्या गटाने गरोदर स्त्रियांना गॅस देऊन असाच प्रयोग केला होता, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपण ही सवय बदलण्याची वेळ आहे, असा त्यामागचा विचार. त्या काळात सगळं घर बाईचं ऐकतं, निदान बाळाच्या नावाने ऐकतं.

त्याच केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला आहे. आईच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर नऊ वर्षांच्या मुलाच्या बुद्धीच्या चाचण्यांवर त्याची छाया पडते, हे त्यातूनच कळलं. म्हणजे गर्भापासून शाळेपर्यंत मुलाच्या मागे जाणारा अभ्यास कसा करायचा, हे मराठी मातीला ठाऊक आहे. तसा अभ्यास धुराचा, आणि तोही मराठवाड्यात, व्हायला हवा. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांसाठी आहे. त्यात महाराष्ट्रातली १९ शहरं, मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर. गावाच्या स्वयंपाकघराला त्या कार्यक्रमात जागा नाही. आणि देशातल्या बाहेरच्या हवेच्या प्रदूषणातही घरगुती चुलींचा वाटा सर्वांत मोठ्या वाट्यांपैकी आहे, हे त्याच सरकारच्या शास्त्रज्ञांना माहीत आहे.

धूर चुलीचाच असतो असंही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिवारात धसकटं पेटतात, उसाच्या भागात पाचट पेटतं. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचं तान्हं मूल पाचटाच्या कोपीत झोपतं आणि कोपीच्या तोंडाशी पहाटे तीनला चूल पेटते. वीटभट्टीवर राहणाऱ्या कुटुंबाचं घर भट्टीच्या वाऱ्याखालीच असतं. या मुलांवर स्वतंत्र लेख व्हायला हवा. इथे एवढंच नोंदवतो की पेडगावात आशाताईंच्या वहीत ज्यांचं नाव आहे त्यांच्यापर्यंत निदान कुणीतरी पोचतं. कोपीतल्या बाळाचं नाव घरच्या आणि ऊसतोडीच्या, दोन्ही गावांच्या वहीत नसतं.

मग करायचं काय? निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकात आला आणि २००२ मध्ये गुंडाळला गेला. त्या काळात पुण्याच्या आरती संस्थेत आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुलींवर मनापासून काम केलं. धुराड्याची चूल बांधली तर खोलीतला धूर कमी होतो, पण धुराडं काजळीने तुंबतं, चूल फुटते, आणि डागडुजीला कुणी येत नाही. गरोदर आणि तान्ह्या बाळाच्या घराला मला उपाय गॅसच दिसतो. बायोगॅस असेल तर तोही.

त्याचा हिशेब फार अवघड नाही. सगळा स्वयंपाक गॅसवर केला तर १४.२ किलोची टाकी मध्यम कुटुंबाला महिना-सव्वा महिना पुरते. गरोदरपण कळल्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत धरलं तर दहा-बारा टाक्या. २०२४ पासून मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्यांचे पैसे पात्र घरांना मिळतात. त्या वर्षभर आणि सगळ्यांना सारख्या. ज्या घरात गरोदर बाई आहे त्या घराला त्या काळापुरत्या पूर्ण टाक्या देता येतील. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळतात, त्याच नोंदीला या टाक्याही जोडता येतील. नवं खातं, नवा अर्ज, नवी रांग लागणार नाही. लोहाच्या गोळ्या देताना आपण बाईला विचारत नाही की तुम्ही त्या विकत का घेत नाही. गॅसच्या टाकीलाही तोच न्याय लागू व्हावा.

टाकी येईपर्यंत, किंवा आलीच नाही तरी, घरात करता येण्याजोगं पुष्कळ आहे. गरोदर सून किंवा लेक भाकऱ्यांना बसणार नाही, दुसरं कुणी बसेल, पुरुषही बसू शकतो. अंघोळीच्या पाण्याची चूल घराबाहेर आणि वाऱ्याच्या उलट अंगाला. सरपण पावसाआधी वाळवून आडोशाला. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी न्यायची झालीच तर निखारे बाहेर पूर्ण लाल होऊन धूर संपल्यावर, आणि तेव्हाही खिडकीची एक फळी उघडी, कारण कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नाही. निखाऱ्यांसोबत बंद खोलीत झोपणं जिवावर बेततं. खरं तर शेगडीपेक्षा आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरलेलं बाळ चांगलं उबदार राहतं, कमी वजनाच्या बाळाला दवाखान्यातही तसंच ठेवतात. धुरी आजीला सोडवत नसेल तर ओवा-शेपा कापडात बांधून तव्यावर गरम करून शेकावं. वास तोच येतो, मायाही तीच राहते.

आणि हे सांगायचं कुणी? गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत उभी केली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिचा निकाल आला: त्या ३९ गावांत नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. पुढे २०११ मध्ये हीच पद्धत देशभर आशांच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. बाळाचं वजन करतात, ताप बघतात, अंगावर पितंय का विचारतात. या सहाही भेटी जवळजवळ पूर्ण सव्वा महिन्यातच पडतात, त्याच खोलीत. त्यांच्या तक्त्यात आणखी एक ओळ घालायची: आज घरात काय जळलं, आणि तेव्हा बाळ कुठे होतं. उत्तर लिहिण्याआधी आशाताईंनी खोलीत पाच मिनिटं बसावं. डोळे चुरचुरले तर तेही लिहावं.